आधी गार पाणी

निळ्या रंगाची चप्पल होती. अंगठ्यापाशी पिवळं बदक, आणि टाच टेकली की पीक् असा आवाज. दिवाळीच्या गर्दीत सांगलीच्या मारुती रोडवर मीच घेतली होती, चार वर्षांच्या पुतण्यासाठी. भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही मळ्यात गेलो, मणेराजुरीच्या पुढं, माझ्या धाकट्या चुलत दिरांकडं. पोरानं चप्पल पायात घातली ती काढलीच नाही. सकाळभर अंगणात, ओट्यावर, द्राक्षाच्या मांडवाखाली नुसतं पीक् पीक् पीक्. चुलत सासूबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, वैतागून म्हणाल्या, "काय आणलंस गं बाई हे, डोकं उठलं की." बागेत फेलफूट, म्हणजे वेलींची नको असलेली फूट, काढायला बायका आल्या होत्या. त्यांच्या गप्पा, मोटरीची घरघर, शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चाललेला. या सगळ्यात अकराच्या सुमाराला कधीतरी तो आवाज थांबला. आवाज सुरू झाला की कानाला कळतं. थांबला की लगेच कळत नाही.

आम्हाला कळायला अर्धा तास लागला.

पहिल्या हाका सहज मारलेल्या होत्या. मग हाकेचा शेवटचा स्वर लांबत गेला. मग बायका हातातलं काम टाकून ओळींमधून पळायला लागल्या. कुणी रस्त्याकडं गेलं, कुणी जनावरांच्या गोठ्यात डोकावलं. एक गडी शेततळ्याच्या भरावावर चढला आणि काही न बोलता नुसता उभा राहिला. त्याचं ते न बोलणं खालून सगळ्यांना दिसलं. मी त्याच्या मागोमाग वर पोचले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. तळ्याला जाळीचं कुंपण होतं, पण पंपाचा पाइप आत घ्यायला एका कोपऱ्यात ते वाकवून ठेवलेलं. चार वर्षांच्या पोराला वाकायचीही गरज पडू नये एवढी फट. आत काळं प्लॅस्टिक उन्हानं चकाकत होतं. काठापासून दोन हात खाली, उतारावर अडकलेली ती निळी चप्पल. तिच्या खाली पाणी. हिरवट, एक तरंग नाही.

पुढची तीन-चार मिनिटं मला सलग आठवत नाहीत. दीर धावत आले, चपलेच्या दिशेनं उतरायला गेले आणि दुसऱ्याच पावलाला पाठीवर आपटून घसरले. खताचं ५० किलोचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस. दोन्ही हात पसरून प्लॅस्टिकवर बोटं रोवत होता आणि बोटांना काहीच लागत नव्हतं. कमरेपर्यंत पाण्यात गेल्यावर पंपाचा पाइप हाती आला म्हणून थांबले. आणि तेवढ्यात खालून, बेदाणा शेडच्या बाजूनं, कुणीतरी ओरडलं, "घावलं! हाय हितं!"

पोरगं शेडमध्ये रॅकच्या मागं एका करडाला मिठी मारून बसलं होतं. एका पायात चप्पल. मासे बघायला काठावर गेलं, चप्पल निसटली, नवी चप्पल हरवली म्हणून आता मार बसणार, असं वाटून लपलं. आमच्या हाका त्याला ऐकू येत होत्या. हाका जेवढ्या मोठ्या, तेवढं ते आत सरकत होतं.

माझी धाकटी जाऊ तोवर स्वयंपाकघरातून पळत आली होती. हात कोपरापर्यंत कणकेनं माखलेले. तिनं पोराला उचललं, छातीशी दाबलं, आणि मी, माझेच पाय लटपटत असताना, सगळ्या बायकांदेखत तिला म्हणाले, "लक्ष कुठं होतं तुझं?"

ती काही बोलली नाही. पोराच्या शर्टाला लागलेली कणीक नखानं खरवडत राहिली.

अक्कांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतड झाली, धूर डोळ्यांत गेला, सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. त्या वेळी मलाही वाटलं, आणि ते मी नाकारणार नाही. घाबरलेल्या हातांना करायला काहीतरी लागतं. बायका एकमेकींना म्हणत होत्या, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." मग सगळे जेवायला बसले. पुऱ्या गार झाल्या होत्या. ताटात चौथी पुरी पडली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अकरा वाजता तिचं लक्ष कुठं होतं. माझ्या पुऱ्यांकडं होतं. सांगलीहून आलेल्या थोरल्या जावेच्या ताटात गरम पुरी पडावी, म्हणून ती तासभर कढईसमोर उभी होती.

परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. आठवडाभर मला ती चप्पल दिसत राहिली, पण चपलेपेक्षा जास्त टोचत राहिलं ते माझं वाक्य. एवढं सहज कसं आलं तोंडात? मी काही ते जुळवलं नव्हतं. आधीपासून जिभेवर तयार असल्यासारखं आलं.

आपल्या भाषेत मुलं सांभाळण्यासाठी एक वाक्प्रचार आहे, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं. लहानपणापासून ऐकत आले. आता विचार करते तेव्हा वाटतं, तेल घातलेला डोळा मिटला नाही तरी त्याला दिसतं किती? आणि ज्या बाईनं पहाटे उठून गोठा आवरायचा, पंधरा बायकांचा चहा करायचा, पाहुण्यांच्या पुऱ्या तळायच्या, तिनं ते तेल कुठल्या वेळी घालायचं? आपल्या आज्यांना हे माहीत असावं. म्हणून तर त्यांनी पोरांच्या पायात घुंगुरवाळे घातले. कौतुक होतंच, पण त्यात सोयही होती. हात कणकेत असला, डोळे चुलीत असले, तरी कानाला कळत राहावं की पोर कुठल्या खोलीत आहे. डोळा चुकणार हे गृहीत धरून केलेली ती गोष्ट. माझी पीक् पीक् चप्पलही त्याच जातीची, फक्त कान तिच्यामागं फिरवायला त्या दिवशी कुणी मोकळं नव्हतं. अंगणवाडीलाही दिवाळीची सुट्टी होती.

त्या तळ्याबद्दल मला राग धरता येत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात याच बागेला टँकरनं पाणी घालून जगवलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा दिरांच्या गालांची हाडं वर आली होती. पुढं २०१६मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आलं, आसपासच्या रानांत जिकडंतिकडं काळे चौकोन दिसायला लागले, आणि यांनीही तळं खोदलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा भरलं त्या दिवशी अक्कांनी काठावर नारळ फोडला, पाण्यातल्या देवता, साती आसरा, त्यांच्या नावानं हिरव्या बांगड्या ठेवल्या. घरावर पडलेला पत्रा, पोरीचं कॉलेज, दारातली गाडी, सगळं त्या पाण्यातून आलंय. पण त्याच मळ्यात जुनी विहीर आहे, आता कोरडी, आणि त्या दुपारनंतर मला या दोघांतला फरक दिसायला लागला. विहिरीला पायऱ्या आहेत. दगडी बांधकामात हातापायाला आधार मिळेल असे कोनाडे आहेत. पाण्यापर्यंत माणूस उतरणार आणि परत वर येणार, हे बांधणाऱ्याच्या मनात होतं. शिवाय तिथं आसरा राहतात, एकट्या पोराला ओढून नेतात, असं अक्कांच्या लहानपणी सांगायचे. त्या गोष्टीचं कुंपण होतं विहिरीला. शेततळं मात्र फक्त पाणी धरून ठेवायला केलेलं. पाणी झिरपू नये म्हणून ५०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, चारी बाजूंनी सरळ उतार, पंधरा-वीस फूट खोली, आणि ओलं झाल्यावर त्यावर धरणारं शेवाळ. आत गेलेला वर येणार कसा, हा प्रश्न त्या आखणीत कुठंच नाही. पोहता येणारासुद्धा काठाशी येऊन दमतो. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवत ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासालाच वेळ पुरत नाही तर हाक कुठून मारणार. काठावर पाठ करून उभ्या माणसालाही कळू नये, इतकं ते गुपचूप होतं.

मला स्वतःला पोहता येत नाही. आमच्या पिढीत सांगलीच्या गावभागातली पोरं पाठीला डबा बांधून घाटावर कृष्णेत शिकली, आम्ही पोरी पायऱ्यांवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. त्या दिवशी ते मूल पाण्यात दिसलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. उडी मारली असती. मग दोघं गेलो असतो. बातम्यांत वाचतो ना आपण, एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. पाण्यात न उतरता काहीतरी फेकायचं असतं, दोर, पाइप, नेसलेली साडी, झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढत बसायचं नाही, आधी तोंडानं श्वास द्यायचा, आणि एकानं तोवर १०८ लावायचा. हे मी नंतर शिकले. बेचाळीसाव्या वर्षी.

पंधरा दिवसांनी आईकडं गेले. ती मेथी निवडत होती. मी समोर बसून तिला सगळं सांगितलं, चप्पल, दिरांचं घसरणं, करडू. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "पोरगं बरं आहे ना?" आणि मग, जुडीतली पिवळी पानं बाजूला करत, "तिला कुणी काही बोललं का?"

"मीच बोलले," म्हटलं. काय ते सांगितलं.

आईनं बराच वेळ मेथी निवडली.

माझ्या डाव्या मांडीवर गुडघ्यापर्यंत भाजल्याचा व्रण आहे. कातडी तिथं भिजून वाळलेल्या कागदासारखी, थंडीत ओढल्यासारखी होते. मी अडीच वर्षांची असताना गावभागातल्या वाड्यातल्या न्हाणीघरात हे झालं. मला त्यातलं काही आठवत नाही. तांब्याचा बंब होता, त्याची ढलपी-कोळशाच्या धुराची आणि ओल्या दगडाची वास-मिसळण मात्र आठवते, पण ती नंतरच्या वर्षांची. घरात गोष्ट सांगितली जायची ती एवढीच, की बादलीत कढत पाणी काढलं होतं, आई गार पाणी आणायला मागच्या हौदावर गेली आणि मी बादलीवर ओणवी झाले. कुणी शाई ओतली, कुणी बटाटा किसून लावला. हळद तर सांगलीच्या घरात हाताशीच. त्या वेळी लोकांना तेवढंच माहीत होतं. भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी २० मिनिटं, बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई-हळद काही नको, वर स्वच्छ कापड आणि दवाखाना, हे मला माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं. हळदीच्या या गावात जखमेला हळद लावू नका म्हणणं अजूनही जड जातं, पण भाजल्यावर नाही लावायची.

आई म्हणाली, "तुझी आजी न्हाणीच्या दारात उभी राहून मला हेच म्हणाली होती. हेच शब्द. नंतर तिनं कधी विषय काढला नाही, मला जीव लावला, शेवटी माझ्याच मांडीवर गेली. तरी ते वाक्य गेलं नाही." मग मेथीचे देठ कागदात गुंडाळत ती म्हणाली, "सगळ्यांनी मला बघितलं गं त्या दिवशी. बादली कुणी बघितलीच नाही."

आणि तेव्हा मला आमच्या घरातली एक गोष्ट उलगडली. आई अंघोळीचं पाणी कायम एकाच क्रमानं काढते. आधी गार, मग गरम. माझ्या लग्नानंतर, भावाच्या लग्नानंतर, शेजारच्या कुणाही नव्या नवरीला, बाळंतिणीला, मोलकरणीला ती न चुकता सांगायची, "आधी गार पाणी घालायचं हं बादलीत." मला तो तिचा हट्ट वाटायचा, सोवळ्याओवळ्यासारखा काहीतरी. चार दशकं ती एवढंच सांगत आली होती. गार आधी असलं की मध्ये बोलावणं येवो, दूध उतू जावो, आई हौदावर जावो, बादलीत नुसतं कढत पाणी असं कधीच उरत नाही. एका तांब्याचा क्रम बदलला की झालं. बंब गेला, गिझर आला, पण गोष्ट तीच. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाचीही कातडी ५ सेकंदांत खोलवर भाजतं, लहानांची त्याआधीच. ५० अंशांना तेच व्हायला मिनिटं लागतात, आणि मिनिटभरात माणूस मुलाला उचलून बाजूला घेऊ शकतो. त्या रात्री घरी येऊन मी गिझरचा काटा खाली आणला. माझ्या मुली मोठ्या झाल्यात, तरी आणला.

आईच्या त्या वाक्यामुळं मी वाचायला लागले. रात्री मोबाइलवर, उशिरापर्यंत, नवऱ्याची झोपमोड होईल म्हणून पांघरुणात. २००८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून मुलांच्या इजांवर अहवाल काढला होता, त्यात आकडा आहे की जगात रोज २००० हून अधिक मुलं अशा टाळता येण्यासारख्या अपघातांत जातात. आकडा वाचून मला काही झालं नाही, खरं सांगते. दोन हजार मुलं डोळ्यांसमोर येत नाहीत. डोळ्यांसमोर आली ती न्यूयॉर्कमधली खिडकी. १९७२मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला दिसलं की उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडताहेत, बहुतेक गरीब वस्त्यांत, उन्हाळ्यात, जिथं वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवावीच लागते. आयांना लक्ष ठेवा सांगणं चालूच होतं. त्यांनी खिडक्यांना गज बसवायला घेतले, फुकट. नर्स घरोघरी जायच्या. मोहिमेचं नाव होतं, 'मुलांना उडता येत नाही'. ब्राँक्स भागात दोन-तीन वर्षांत मुलांचं पडणं निम्म्यावर आलं, आणि १९७६मध्ये लहान मुलं असलेल्या घरांना घरमालकानं गज बसवलेच पाहिजेत असा कायदा झाला. आयांचे डोळे तेच राहिले होते. खिडकी बदलली होती.

बांगलादेशातलं मात्र वाचताना मी उठून बसले. तिथं तळी घरोघरच्या दारात, आणि एक ते चार वर्षांची मुलं सगळ्यात जास्त बुडणारी. कधी बुडतात हे शोधल्यावर कळलं की बहुतेक सकाळी ९ ते दुपारी १च्या दरम्यान. आया रांधत असतात, धूत असतात, बाप रानात. रात्री नाही, पुरात नाही, भर उजेडात, घरापासून हाकेच्या अंतरावर. मग त्यांनी गावोगावी नेमक्या त्याच चार तासांची पाळणाघरं काढली, गावातल्याच एका बाईकडं वीस-पंचवीस मुलं. त्यांना नाव दिलं आँचल. म्हणजे आपला पदर. मी घड्याळात बघितल्यासारखं मनात बघितलं. आमचं पीक् पीक् थांबलं तेव्हा अकरा वाजले होते.

आम्ही सांगलीकर पाण्याच्या बाबतीत बेसावध लोक नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे घराघरात तोंडपाठ असतं, ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ पाहिलं, २०१९ पाहिलं, आकडा वाढला की गादीखालची कागदपत्रं माळ्यावर जातात. पण रांगणाऱ्या बाळासाठी बादलीत तळाला उरलेलं चार बोटं पाणी पुरतं. डोकं जड, हात कोवळे, तोंड खाली गेलं की वर उचलता येत नाही. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून आपण बादल्या, पिंपं भरून ठेवतो, आणि ती ठेवावी लागतात. झाकण ठेवता येतं, न्हाणीघराला बाहेरून वरची कडी लावता येते. एवढंच करता येतं, पण एवढं करता येतं.

तेव्हापासून डोळ्यांना वेगळीच खोड लागली. शंभर फुटी रस्त्यावर स्कूटरच्या पुढं उभं केलेलं पोर दिसतं, हनुवटी आरशाला टेकलेली, बापाच्या डोक्यावर हेल्मेट आणि पोराचं डोकं उघडं. चार वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा आणि गाडीचा वेग ताशी ४०च्या आत, हा नियम २०२३पासून लागू आहे. तो पट्टा मी अजून एकाही गाडीवर पाहिलेला नाही. एका घरी हळदीकुंकवाला गेले तर दोन वर्षांच्या नातीच्या मुठीत आजीनं मायेनं भडंग दिलेलं, त्यात अख्खे शेंगदाणे. मी हसत हसत ते वेचून खाल्ले. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला शेंगदाणा धड चावता येत नाही, तो तसाच जातो आणि हसताना, पळताना श्वासनळीत. ते त्या आजींना सांगायला मला तोंड उघडेना. कसं सांगायचं असतं हे, समोरच्याला आरोप न वाटता? मला अजून नीट जमलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मळ्यातल्या शेडच्या खिडकीतली ती बाटली, जी मी त्या दिवशी पाहिली होती आणि जिचं मला काहीच वाटलं नव्हतं. कोल्ड्रिंकची बाटली, आत फवारणीचं उरलेलं औषध, रंग सरबतासारखा. डबा मोठा म्हणून थोडं बाटलीत काढून ठेवलेलं, सगळेच ठेवतात. कॅनडात एका बालरोगतज्ज्ञानं १९६७मध्ये दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं औषधाचं झाकण प्रचारात आणलं, लहान बोटांना जमू नये म्हणून. आणि आम्ही विष अशा बाटलीत भरतो जिचं झाकण उघडायला पोरांना आम्हीच शिकवलेलं असतं.

तो फोन मात्र लगेच केला. दिरांना म्हटलं, ती बाटली आजच्या आज काढा, औषध मूळ डब्यातच ठेवा, शेडला कुलूप. आणि कधी कुणाच्या पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, डबा हातात घेऊन थेट दवाखाना. ते "व्हय वहिनी, व्हय" म्हणत होते. जावेला फोन द्या, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. म्हटलं नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात गेले. गणपती पेठेतून अंगठ्याएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर घेतला होता, शंभर फूट. दुकानदारानं विचारलं, "बोअरची मोटर ओढायची का?" मी नुसती मान हलवली. मळ्यात पोचले तर बाग घडांनी लोंबत होती, मण्यांत पाणी भरायला लागलेलं, मांडवाखाली गार हिरवा उजेड. जाऊ मला घेऊन भरावावर गेली. कोपऱ्यातली जाळी सरळ करून तारेनं बांधलेली, पाइपापुरतं भोक, दाराला कुलूप. "दुसऱ्याच दिवशी केलं," ती म्हणाली. आत काठाला ट्रॅक्टरचे दोन जुने टायर साखळीनं बांधून उतारावर सोडलेले, अर्धे पाण्यात. तेही तिनंच दिरांच्या मागं लागून करून घेतलेलं. मी कुठून कुठून वाचलेलं, तिनं न वाचता केलं होतं. माझ्या हातातला दोर मला उगाच वाटायला लागला, पण तिनं तो घेतला, लांबी बघितली, म्हणाली, "चार कोपऱ्याला चार होतील की."

आम्ही भरावावर फतकल मारून बसलो आणि गाठी मारायला लागलो. एक हात अंतरावर एक गाठ, धरायला, पाय टेकायला. दोर नवा, गाठ बसत नव्हती, तळहात लाल झाले. दोन-तीन गाठी झाल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं बोलले."

"राहू द्या ओ ताई."

"नाही, पण—"

"तुम्ही एकदाच म्हणालात," तिनं गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "मी रोज म्हणते मला."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी आईची बादली तिला सांगितली. शाई, बटाटा, आजी, आणि ते आधी गार पाणी. तिनं माझ्या मांडीकडं बघितलं, साडीवरून, जणू व्रण दिसेल. मग म्हणाली, "आमच्याकडं पण आधी कढतच काढत्यात. आजपासनं सांगते अक्कांना." दोराचं खालचं टोक तिनं रिकाम्या कॅनच्या मुठीला बांधलं, पाण्यावर तरंगत राहावा म्हणून.

खाली मांडवात पोरगं फिरत होतं. चप्पल गड्यानं बांबूनं काढून दिलेली, दोन्ही पायांत होत्या. पीक् पीक् पीक्, या ओळीतून त्या ओळीत. मध्येच आवाज थांबला. माझे हात थांबले, तिचे थांबले. दोघींनी एकमेकींकडं न बघता माना वळवल्या.

मग पुन्हा सुरू झाला. तिनं पुढची गाठ धरली.